आईची टीएमटी पॉझिटिव्ह, एको नॉर्मल, ईसीजीवर 'इस्केमिया': या रिपोर्टांचा अर्थ कसा लावायचा

तुमचा प्रश्न आणि सोबतचे सगळे रिपोर्ट नीट वाचले. आधी तुमची हकीकत थोडक्यात मांडतो म्हणजे पुढचं बोलणं कशाबद्दल आहे ते कळेल. आईंचं वय 47, शुगर नाही, बीपी अधूनमधून 140 च्या आसपास, गेले दोनतीन महिने जिना चढला की दम लागतो आणि धडधडतं, छातीत दाबल्यासारखं किंवा आवळल्यासारखं मात्र होत नाही. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, त्यावर मशीनने छापलं 'अँटिरियर इस्केमियाची शक्यता', म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त कमी पडत असेल. मग टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), तो नॉर्मल, फक्त खाली 'ग्रेड 1 डायस्टोलिक डिसफंक्शन, ट्रिव्हियल एमआर' असं लिहिलंय. मग टीएमटी (फिरत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी बघणं), ती 'पॉझिटिव्ह'. एक डॉक्टर म्हणाले लगेच अ‍ॅडमिट करून अँजिओग्राफी करा, दुसरे म्हणाले काही नाही, घरी जा. आणि दुसरीकडे परत केलेल्या एकोत ईएफ (हृदयाच्या पंपाच्या ताकदीचा आकडा) 60 चा 55 आला म्हणून आता तुम्हाला वाटतंय की आठ दिवसांत हार्ट कमजोर झालं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या कागदांवरून तरी आईंना घाईघाईने अँजिओग्राफी लागेल असं मला दिसत नाही, पण 'काही नाही' हेही मला पटत नाही, कारण त्यांना खरंच दम लागतोय आणि त्याचं कारण शोधायचं राहिलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद तुम्ही सगळ्यात शेवटी जोडलाय, ज्याच्यावर दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीत एक शब्द नाही: सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी. हिमोग्लोबिन 8.6. त्यावर येतोच, आधी बाकीचा गुंता सोडवू.

हार्टच्या तपासण्या एकमेकींशी भांडतायत असं वाटतं कारण आपण धरून चालतो की सगळ्या एकाच प्रश्नाचं उत्तर देतात. तसं नाहीये. ईसीजी हृदयातली विजेची हालचाल दाखवतो, तीही त्या दहा सेकंदांची. एको स्नायू किती जोरात आकुंचन पावतो, झडपा कशा आहेत ते दाखवतो. टीएमटी जोर पडल्यावर ईसीजीत काय फरक पडतो ते बघते. यातली एकही तपासणी रक्तवाहिनीच्या आत डोकावत नाही. शेतातल्या विहिरीवरची मोटर पाणी किती फेकते ते एको सांगतो, मोटरपर्यंत वीज आणणारी वायर आतून किती झिजलीय ते नाही. म्हणून एको एकदम छान आणि तरी वाहिनीत मोठं ब्लॉकेज, असे पेशंट आम्ही रोज बघतो, आणि उलट टीएमटी पॉझिटिव्ह पण वाहिन्या एकदम स्वच्छ, असेही रोजच बघतो. म्हणजे तुमच्या हातातले रिपोर्ट एकमेकांच्या विरुद्ध असतीलच असं नाही.

आता ईसीजी. वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत जे छापून येतं ते मशीनचं वाचन असतं, डॉक्टरांचं नाही. मशीन मुद्दाम भित्रं ठेवलेलं असतं, काही सुटू नये म्हणून जरा वेगळं दिसलं की छापून टाकतं. आईंच्या ईसीजीत छातीवरच्या व्ही1 ते व्ही3 या लीड्समध्ये (पॅचच्या नोंदींमध्ये) टी वेव्ह, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या शेवटची लाट, उलटी आहे, बाकी सगळं सरळ. बायकांमध्ये या लीड्समध्ये टी उलटी असणं बऱ्याचदा नॉर्मलच असतं, लहानपणचा पॅटर्न तसाच राहून जातो. शिवाय व्ही1 आणि व्ही2 चे चिकटवायचे पॅच चौथ्या बरगडीखालच्या जागेत लावायचे असतात आणि गडबडीत ते एकदोन बरगड्या वर लागले तरी असंच चित्र येतं, कधीकधी तर 'जुना हार्ट अटॅक' असंही छापून येतं. बायकांच्या बाबतीत तंत्रज्ञ संकोचतात, पेशंटही संकोचते, पदर किंवा ब्लाउज नीट बाजूला केला जात नाही आणि पॅच जिथे जागा मिळेल तिथे लागतात. हे मी इतक्या वेळा बघितलंय की शंकास्पद ईसीजी आला की पहिलं काम म्हणजे पॅच नीट लावून परत काढणं.

दुसरं काम जुना ईसीजी शोधणं. तुम्ही लिहिलंय आईंचं काही वर्षांपूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनआधी फिटनेससाठी ईसीजी काढलेला असणारच, घरातली ती जुनी फाईल काढा. त्यात टी वेव्ह अशीच उलटी असेल तर ईसीजीचा विषय जवळजवळ संपतो. आणि तेव्हा सरळ होती, आता उलटी झालीय, तर मात्र मी तो बदल गंभीरपणे घेईन. एक जुना कागद इथे नव्या तीन तपासण्यांपेक्षा जास्त सांगतो.

एकोबद्दल फार वेळ घालवत नाही. ईएफ म्हणजे डावा कप्पा भरल्यावर त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं तो आकडा. बायकांमध्ये साधारण 54 ते 74 नॉर्मल धरतात, पुरुषांमध्ये 52 ते 72. हा आकडा बऱ्याच ठिकाणी नजरेच्या अंदाजाने लिहितात आणि मोजून काढला तरी दोन माणसांच्या मोजण्यात पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो, कधी जास्तही. म्हणजे 60 आणि 55 यात काही झालेलं नाही, आईंचं हार्ट आठ दिवसांत कमजोर झालेलं नाही, ही काळजी डोक्यातून काढून टाका. दोन्ही रिपोर्टांत 'भिंतींची हालचाल नॉर्मल' असं लिहिलंय, ते महत्त्वाचं. ट्रिव्हियल एमआर म्हणजे झडपेतून अगदी किंचित रक्त मागे येणं, आजची मशीन्स इतकी बारीक बघतात की ते असंख्य धडधाकट माणसांतही दिसतं, त्याला औषध नाही आणि ते लागतही नाही. ग्रेड 1 डायस्टोलिक डिसफंक्शन म्हणजे स्नायू सैल व्हायला थोडा वेळ लागतो. साठीनंतर बहुतेकांच्या रिपोर्टात हे असतं. 47 ला असेल तर मी बीपीकडे लक्ष देईन, घरी डिजिटल मशीनवर आठवडाभर सकाळ संध्याकाळ मोजून लिहून ठेवा, कारण ते अधूनमधून येणारं 140 खरंच अधूनमधून आहे की रोजचंच, हे अजून कोणालाच माहीत नाही.

आता टीएमटी, जिच्यामुळे तुमची झोप उडालीय. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'पॉझिटिव्ह फॉर इंड्यूसिबल इस्केमिया' लिहिलंय ते क्षणभर विसरा आणि आतल्या पानांवरचे आकडे बघा. आई ब्रूस प्रोटोकॉलवर 7 मिनिटं चालल्या. या पद्धतीत दर 3 मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो, पहिली 3 मिनिटं ताशी 2.7 किलोमीटर आणि 10 टक्के चढ, पुढची 3 मिनिटं 4 किलोमीटर आणि 12 टक्के, आणि तिसऱ्या टप्प्यात 5.5 किलोमीटर आणि 14 टक्के. म्हणजे त्या तिसऱ्या टप्प्यात शिरल्या, 47 वर्षांच्या, व्यायामाची सवय नसलेल्या आणि हिमोग्लोबिन 8.6 असलेल्या बाईसाठी हे चांगलंच आहे. नाडी 158 पर्यंत गेली, त्यांच्या वयाला टार्गेट 147 होतं (220 वजा वय, त्याचे 85 टक्के). बीपी चढायला हवं तसं चढलं, मध्येच पडलं नाही. चालताना छातीत दुखलं नाही, थांबायचं कारण 'पाय दुखणं आणि दम' असं लिहिलंय. आणि ज्या बदलामुळे पॉझिटिव्ह ठरवली तो 1 मिमीचा एसटी डिप्रेशन (ईसीजीच्या रेषेतला टी वेव्हच्या आधीचा तुकडा खाली जाणं), तोही अपस्लोपिंग म्हणजे वर चढत जाणारा, आणि थांबल्यावर एका मिनिटात गेलेला.

टेस्ट पॉझिटिव्ह ठरवायचा रूढ निकष असा आहे की एसटी 1 मिमी किंवा जास्त खाली जावा आणि तो आडवा किंवा उतरता असावा. वर चढत जाणारा 1 मिमी यात धड बसत नाही. मी याला 'संदिग्ध' म्हटलं असतं. ड्यूक ट्रेडमिल स्कोअर नावाचा साधा हिशोब आहे, तो तुम्हालाही करता येईल: चाललेली मिनिटं, त्यातून एसटी किती मिमी खाली गेला त्याची पाचपट वजा, आणि चालताना छातीत दुखलं असेल तर त्याचे चार, दुखण्यामुळेच थांबावं लागलं असेल तर आठ वजा. 5 किंवा जास्त आला तर धोका कमी, उणे 11 किंवा त्याखाली गेला तर जास्त, मधलं सगळं मध्यम. आईंचा तो 1 मिमी धरला तर 7 वजा 5 म्हणजे 2, मध्यम. न धरला, आणि मी धरणार नाही, तर 7, कमी धोका. पहिल्या पानावरच्या त्या एका शब्दापेक्षा हा हिशोब कितीतरी कामाचा आहे, आणि तुमच्या रिपोर्टात तो केलेलाच नाही.

आता जे समजून घेतलं तर पुढे आयुष्यभर कुठल्याही रिपोर्टाला उपयोगी पडेल ते सांगतो, थोडं गणित आहे पण वाचा. टीएमटी काही फार पक्की टेस्ट नाही. बायकांमध्ये ब्लॉकेज असलेल्या 100 जणींपैकी ती साधारण 60 जणींना पकडते, आणि ब्लॉकेज नसलेल्या 100 जणींपैकी साधारण 30 जणींनाही उगाच पॉझिटिव्ह सांगते. आता आईंसारख्या 100 बायका घ्या, वय 47, शुगर नाही, छातीत दुखत नाही, फक्त दम. त्यांच्यापैकी 10 जणींना खरंच ब्लॉकेज आहे असं धरू, हे सढळ हातानेच धरतोय. त्या 10 पैकी 6 पॉझिटिव्ह येणार. उरलेल्या 90 पैकी 27 उगाच पॉझिटिव्ह येणार. एकूण 33 जणी पॉझिटिव्हचा कागद घेऊन रडत घरी जाणार आणि त्यातल्या फक्त 6 जणींना आजार. म्हणजे पॉझिटिव्ह येऊनही पाचपैकी चार जणींना काही नसतं.

आणि आता उलटं बघा, कारण इथे जास्त घात होतो. 58 वर्षांचे गृहस्थ, शुगर, सिगारेट, जेवून चालायला लागलं की छातीच्या मधोमध आवळतं आणि थांबलं की पाच मिनिटांत जातं. अशा 100 जणांत 60 जणांना ब्लॉकेज धरू. टीएमटी त्यांच्यापैकी 41 पकडेल, 19 सुटतील. उरलेल्या 40 पैकी 31 बरोबर निगेटिव्ह येतील. म्हणजे एकूण 50 निगेटिव्ह आणि त्यातल्या 19 जणांना आजार आहेच. अशा माणसाला 'टीएमटी निगेटिव्ह आली, निश्चिंत राहा' असं सांगणं धोक्याचं आहे. तपासणी तीच, कागदावरचा शब्दही तोच, पण तो कोणाच्या हातात पडलाय त्यावर अर्थ बदलतो. म्हणूनच चांगला डॉक्टर रिपोर्ट बघण्याआधी 'काय होतंय, केव्हा होतंय, कशाने थांबतं' हे विचारण्यात वेळ घालवतो, आणि म्हणूनच काही त्रास नसलेल्या माणसांच्या चेकअप पॅकेजमध्ये सरसकट टीएमटी टाकणं मला अजिबात मान्य नाही, त्यातून आजार सापडण्यापेक्षा भीती जास्त तयार होते.

आता हिमोग्लोबिन. सीबीसीत 8.6, एमसीव्ही 68, म्हणजे रक्तातल्या पेशी लहान, बहुतेक लोह कमी. रक्त ऑक्सिजन कमी वाहून नेतंय, म्हणून हृदय तेवढंच काम करायला जास्त वेगाने धडधडतं, जिना चढला की दम लागतो. आईंचा त्रास नेमका हाच आहे ना? आणि अशा अवस्थेत पट्ट्यावर पळवलं तर वाहिन्या स्वच्छ असूनही एसटी खाली जाऊ शकतो. अ‍ॅनिमिया हे खोट्या पॉझिटिव्ह टीएमटीचं पुस्तकात लिहिलेलं कारण आहे, तसंच पोटॅशियम कमी असणं, डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाची गोळी, बीपीने जाड झालेला हृदयाचा स्नायू. माझ्या मते ही टीएमटी आत्ता करायलाच नको होती, आधी रक्त भरून काढायचं आणि मग गरज वाटली तर करायची.

हे दुर्मीळही नाहीये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया आढळला होता. इतकं सर्रास असल्यामुळेच बहुतेक ते कोणाच्या डोळ्यात भरत नाही, 8.6 बघून 'बायकांचं असतंच तेवढं' म्हणून पान उलटलं जातं. नसतं तेवढं. 12 च्या खाली म्हणजे कमीच.

आणि आता एक प्रश्न जो बहुतेक कोणी विचारला नसेल, आणि मुलाने विचारायला अवघड वाटत असेल तर बहिणीला किंवा मावशीला विचारायला सांगा: आईंची पाळी कशी आहे? 47 म्हणजे पाळी जाण्याच्या आधीचा काळ, याच वयात खूप बायकांना आठआठ दहादहा दिवस, गाठी पडून अंगावर जातं, आणि त्या कोणाला सांगत नाहीत, 'या वयात होतंच' म्हणून काढतात. हृदयाच्या डॉक्टरांसमोर तर मुळीच सांगत नाहीत, त्यांना वाटतं त्याचा इथे काय संबंध. संबंध सरळ आहे. तसं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून पोटाची सोनोग्राफी करून घ्या, गर्भाशयात गाठ असेल तर कळेल. पाळीचा त्रास नसेल तर रक्त दुसरीकडून जातंय का ते बघावं लागेल, मूळव्याध, पोटातला अल्सर, दुखण्याच्या गोळ्या रोज घेतात का, शौचाला काळं होतं का. आणि मिश्री लावतात का तेही विचारा, तंबाखूच आहे ती, आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका 'व्यसन नाही' म्हणतात आणि सकाळ संध्याकाळ मिश्री लावतात. हृदयाला ते मोजावं लागतं.

आता मी काय करेन ते क्रमाने सांगतो, पण हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा, मी आईंना समोर तपासलेलं नाही. फेरिटिन (लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या, थायरॉइडनेही असाच दम आणि धडधड होते. लोह कमी निघालं तर गोळ्या, आणि गोळीच्या आगेमागे चहा नको, चहाने लोह अंगाला लागत नाही, लिंबूपाण्यासोबत घेतली तर बरं. गोळ्यांनी शौचाला काळपट होतं, त्याला घाबरू नका. नीट लागू पडलं तर तीनचार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण 2 ने वाढायला हवं, आणि 12 झालं म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत, पुढे तीनेक महिने चालू ठेवायच्या म्हणजे साठा भरतो. गोळ्या सोसतच नसतील किंवा रक्त फारच जात असेल तर सलाइनमधून लोह देता येतं.

हिमोग्लोबिन 11-12 झाल्यावर दम गेला, धडधड गेली, तर उत्तर मिळालं. मग बीपी, कोलेस्टेरॉल आणि वजन बघायचं. आणि रक्त भरूनही दम तसाच राहिला तर मी परत टीएमटी न करता सीटी कोरोनरी अँजिओग्राफी सांगेन. त्यात हाताच्या शिरेतून औषध देऊन स्कॅन करतात, कॅथेटर घालत नाहीत, अ‍ॅडमिट व्हावं लागत नाही. आधी क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघतात, नाडी 60 च्या जवळ आणायला गोळी देतात. वाहिन्या स्वच्छ आहेत हे सांगण्यात ही तपासणी फार भरवशाची आहे. मात्र कॅल्शियम जास्त साठलेलं असेल तर ती ब्लॉकेज आहे त्यापेक्षा मोठं दाखवते, हे लक्षात असू द्या.

आणि समजा त्यात '30-40 टक्के ब्लॉकेज' असं आलं, तरी घाबरून स्टेंटच्या मागे लागू नका. एवढ्यावर स्टेंट घालत नाहीत, त्याला स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), बीपी ताब्यात ठेवणं आणि तंबाखू बंद हाच इलाज. मोठं ब्लॉकेज असलेल्या पण स्थिर पेशंटमध्येही 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया नावाच्या अभ्यासात, ज्यात 5179 पेशंट होते, आधी औषधं दिलेल्यांत आणि सुरुवातीलाच अँजिओ करून स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत मृत्यू आणि हार्ट अटॅकचं एकूण प्रमाण जवळपास सारखंच निघालं, छातीत दुखणं मात्र स्टेंट-बायपासवाल्यांचं जास्त कमी झालं. डाव्या मुख्य वाहिनीत मोठं ब्लॉकेज असलेले आणि हृदय खूपच कमजोर असलेले त्यात घेतले नव्हते, त्यांची गोष्ट वेगळी. पण 'आजच्या आज करा नाहीतर काही सांगता येत नाही' हे वाक्य स्थिर पेशंटच्या बाबतीत ऐकलं तर शांतपणे विचारा की आज नाही केलं तर नेमका कशाचा धोका आहे, कुठल्या आकड्यावरून, आणि अँजिओत काय निघालं तर आपण औषधांपेक्षा वेगळं काय करणार. ज्या डॉक्टरांकडे याची उत्तरं असतात ते चिडत नाहीत.

मी थांबा म्हणतोय ते आजच्या त्रासापुरतं. छातीत दाबल्यासारखं होऊन पंधरावीस मिनिटांत गेलं नाही, जबड्यात किंवा डाव्या हातात गेलं, दरदरून घाम फुटला, किंवा बसल्या जागी दम लागला, चालताना चक्कर येऊन पडल्या, तर हे सगळे कागद बाजूला ठेवून सरळ 108 ला फोन करा आणि मोठ्या हॉस्पिटलला न्या. बायकांमध्ये कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसती उलटी, पाठीत दुखणं आणि गळून जाणं एवढंच असतं. गॅस झालाय म्हणून ईनो पिऊन पडून राहायचं नाही. तिथे पोचल्यावर 10 मिनिटांत ईसीजी व्हायला हवा, आणि पहिला ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) नॉर्मल आला तरी काही तासांत तो परत करतात, कारण दुखणं नुकतंच सुरू झालं असेल तर पहिल्यांदा तो वाढलेला नसतो. 'एकदा नॉर्मल आला' म्हणून सही करून पेशंटला घरी आणू नका.

धडधडीबद्दल एक राहिलं. जिना चढल्यावर हळूहळू वाढते आणि बसल्यावर हळूहळू कमी होते, तर ती बहुधा अ‍ॅनिमियाचीच असणार. पण बसल्या बसल्या बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होते आणि एकदम बंद होते असं आई म्हणत असतील तर ते मला कळवा, मग होल्टर (दिवसभर ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) लावावं लागेल. आता फेरिटिन आणि टीएसएच करून घ्या, आठवडाभराचं बीपी लिहा, आणि पित्ताशयाच्या ऑपरेशनची ती फाईल सापडली तर त्यातल्या ईसीजीचा फोटो उजेडात, सरळ धरून काढून पाठवा.